पत्ता चुकलेल्या मेसेजचं काय करायचं?

७ नोव्हेंबर २०१४. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात जी-२० परिषद भरायला जेमतेम आठवडा उरला होता. तिथल्या स्थलांतर खात्यातल्या एका अधिकाऱ्याने ३१ जागतिक नेत्यांच्या व्हिसाचा तपशील एका ईमेलला जोडला. ‘टू’च्या चौकटीत नाव टाइप करायला घेतलं, आउटलुकने सवयीप्रमाणे ते आपणहून पुरं केलं आणि अधिकाऱ्याने ‘सेंड’चं बटण दाबलं. मेल गेली ती आशियाई फुटबॉल चषकाच्या स्थानिक आयोजन समितीकडे. ओबामा, पुतिन, मर्केल, शी जिनपिंग आणि आपले नरेंद्र मोदी यांची जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा क्रमांक आता सामन्यांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या कचेरीतल्या एका माणसाच्या इनबॉक्समध्ये पडले होते.

खात्याने लगेच देशाच्या खासगीपणा आयुक्तांना कळवलं. धोका फारसा नाही असा हिशेब मांडला आणि ज्यांची माहिती फुटली त्या नेत्यांना हे सांगण्याची गरज नाही, असंही सुचवलं. जगाला ही गोष्ट कळली ती पुढच्या वर्षी मार्चअखेर, ‘द गार्डियन’च्या ऑस्ट्रेलियातल्या आवृत्तीने माहिती अधिकाराखाली ती कागदपत्रं मिळवली तेव्हा. योगायोग असा की त्याच्या काही दिवसच आधी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नागरिकांच्या फोन आणि इंटरनेट वापराच्या नोंदी दोन वर्षं जपून ठेवण्याची सक्ती करणारा कायदा मंजूर केला होता. नोंदी सुरक्षित राहतील, असं सरकार छातीठोकपणे सांगत होतं.

चुकीच्या ठिकाणी गेलेल्या मेसेजच्या बातम्या आपण साधारणपणे हसण्यावारी नेतो, किंवा ‘असं कसं केलं याने!’ म्हणून कपाळाला हात लावतो. मेसेज चुकीच्या जागी कसा गेला, यात सांगण्यासारखं थोडंच असतं. तो पोहोचल्यावर पाठवणाऱ्याने काय केलं, ज्याला मिळाला त्याने काय केलं आणि बातमीदारांनी काय केलं, खरी गोष्ट तिथे सुरू होते. गेल्या काही वर्षांतली मोठी प्रकरणं पाहिली, तर या तिघांचं वागणं तपासायला एक साधी कसोटी पुरते: मेसेज उघड केल्याने सत्तेला उत्तर द्यावं लागतं, की एखाद्या साध्या माणसाला निष्कारण उघडं पडावं लागतं? आपल्याकडे ही कसोटी बहुतेक वेळा उलटी लावली जाते.

आधी चुका कशा होतात ते थोडक्यात. मराठी माणसाला एका अक्षराची किंमत सांगावी लागत नाही. ‘ध’चा ‘मा’ ही दंतकथा असो वा इतिहास, शनिवारवाड्याचं नाव निघालं की ती निघतेच. तिथे अक्षर बदलणाऱ्याच्या मनात डाव होता; अमेरिकी सैन्याच्या बाबतीत डाव नव्हता, फक्त बोटं घाईत होती. या सैन्याचे ईमेल पत्ते ‘डॉट एमआयएल’ने संपतात. त्यातला ‘आय’ राहून गेला की उरतं ‘डॉट एमएल’, आणि हे आफ्रिकेतल्या माली देशाचं डोमेन. मालीसाठी ते सांभाळण्याचं कंत्राट २०१३ पासून एका डच उद्योजकाकडे होतं. आपल्याकडे भलत्याच मेल येऊन पडतायत हे पाहून तो अमेरिकेला वर्षानुवर्षं सावध करत राहिला. २०२३ च्या जानेवारीपासून त्याने त्या गोळा करून ठेवल्या. जुलैत ‘फायनान्शियल टाइम्स’ने बातमी दिली तोवर त्यांची संख्या १ लाख १७ हजारांच्या घरात गेली होती. त्यात वैद्यकीय अहवाल होते, लष्करी तळांचे नकाशे होते आणि लष्करप्रमुखांच्या इंडोनेशिया दौऱ्यातल्या हॉटेलच्या खोल्यांचे क्रमांकही होते. याच सुमारास त्याचं कंत्राट संपलं आणि डोमेनचा ताबा माली सरकारकडे गेला. माली सरकारची रशियाशी चांगलीच गट्टी आहे.

काही चुकांवर मात्र हसू येतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये अविवा इन्व्हेस्टर्स या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला निरोपाची मेल जायची होती. सामान परत करा, गुपितं सांभाळा, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा, असा मजकूर. तो गेला जगभरच्या तेराशे कर्मचाऱ्यांना. थोड्या वेळाने माफीची मेल आली, पण मधल्या काळात तेराशे जणांनी आपली नोकरी मनातल्या मनात गमावून परत मिळवली होती. त्याआधी २००९ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने उलट दिशेची चूक केली होती. प्रवेश नाकारलेल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांना ‘अभिनंदन, तुमचं स्वागत आहे’ अशी मेल गेली. ही चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. घराघरांत पेढे वाटावेत अशी बातमी आली आणि काही तासांत परत घेतली गेली.

पूर्वी पत्र पाठवायचं म्हणजे ते लिहा, घडी घाला, पाकिटात सरकवा, पत्ता घाला, तिकीट चिकटवा आणि पेटीपर्यंत चालत जा. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र त्या चालण्यात कितीदा तरी फाडलं जायचं. आता जीमेल पाठवलेली मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद देतं. व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सर्वांकडून मेसेज पुसण्याची सोय आणली तेव्हा सात मिनिटं दिली होती. आता ती मुदत दोन दिवसांच्या वर गेली आहे. पण पुसलेल्या मेसेजच्या जागी, इथून काहीतरी पुसलं गेलंय अशी पाटी राहतेच. बघायला गर्दी जमते ती त्या पाटीपाशी.

आता मोठं प्रकरण. शनिवार, १५ मार्च २०२५. ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनकडे पाहत होते. दोन दिवसांपूर्वी त्यांना सिग्नल ॲपवरच्या एका ग्रुपमध्ये सामील केलं गेलं होतं. ग्रुपचं नाव ‘हूथी पीसी स्मॉल ग्रुप’. सामील करणारे अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्झ. ग्रुपमध्ये उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स, परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ, संरक्षणमंत्री पीट हेगसेथ, गुप्तचर प्रमुख तुलसी गबार्ड अशी मंडळी. आपल्याला कुणीतरी बनवतंय, असंच गोल्डबर्ग यांना आधी वाटलं. त्या सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी हेगसेथ यांचा मेसेज आला. येमेनवर विमानं कधी उडणार, बॉम्ब कधी पडणार, याच्या वेळा त्यात होत्या. पहिला हल्ला पावणेदोनच्या सुमारास होणार होता. गोल्डबर्ग गाडीतच थांबले. दोनला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी ‘एक्स’वर शोधलं. येमेनची राजधानी सना स्फोटांनी हादरत होती. ग्रुपमध्ये वॉल्झ यांनी वळलेली मूठ, अमेरिकेचा झेंडा आणि आगीची ज्वाळा असे तीन इमोजी टाकले.

ग्रुप खरा असल्याची खात्री पटल्यावर गोल्डबर्ग स्वतःहून त्यातून बाहेर पडले. ही कृती लक्षात ठेवण्यासारखी आहे. अशा ग्रुपमध्ये फुकट मिळालेली खुर्ची कोणता बातमीदार सोडेल? तिथे गप्प बसून राहिले असते, तर पुढच्या कित्येक महिन्यांच्या बातम्या त्यांच्या खिशात आपणहून येऊन पडल्या असत्या. त्यांनी संबंधितांना प्रश्न पाठवले आणि २४ मार्चला लेख छापला. हल्ल्याचा तपशील आणि ज्याने सैनिकांना किंवा हेरांना धोका पोहोचेल असं सगळं त्यातून वगळलं होतं.

मग सरकारची पाळी आली. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या प्रवक्त्याने मेसेज खरे दिसतात, असं मान्य केलं होतं. तरीही हेगसेथ यांनी गोल्डबर्ग यांना खोटारडं ठरवलं आणि युद्धाचे बेत कुणी मेसेजवर पाठवतच नव्हतं, असं सांगितलं. गबार्ड आणि सीआयएचे प्रमुख जॉन रॅटक्लिफ यांनी दुसऱ्या दिवशी सिनेटच्या समितीपुढे, ग्रुपमध्ये गोपनीय काही नव्हतं, अशी साक्ष दिली. तेव्हा मासिकाने विचारलं: गोपनीय नसेल, तर सगळंच छापायला तुमची हरकत आहे का? व्हाइट हाउसने गोपनीय नाही असं म्हणत म्हणत छापायला मात्र विरोध केला. २६ मार्चला मासिकाने हल्ल्याच्या वेळांसकट सगळं छापलं. सीआयएच्या विनंतीवरून त्यांच्या एका अधिकाऱ्याचं नाव तेवढं झाकून ठेवलं.

इथे गोल्डबर्ग यांची बाजू घ्यायला हवी. आधी झाकलं आणि मग उघड केलं, हा दुटप्पीपणा नव्हे. वाचकाला ठरवता यावं की मंत्री खरं बोलतो की संपादक, यासाठी पुरावा मांडण्यावाचून दुसरा रस्ता सरकारनेच ठेवला नव्हता. डिसेंबरमध्ये पेंटागॉनच्या महानिरीक्षकांच्या अहवालानेही हेगसेथ यांच्या मेसेजमुळे मोहीम आणि वैमानिक धोक्यात येऊ शकले असते, असा निष्कर्ष काढला.

नंबर गेला कसा? वॉल्झ आधी म्हणाले, तो कसा तरी ‘ओढला गेला’. ‘गार्डियन’ने नंतर दिलेली हकीकत जास्त घरगुती आहे. २०२४ च्या निवडणूक प्रचारात गोल्डबर्ग यांनी प्रचारयंत्रणेला एक मेल पाठवली होती. तिच्या तळाशी त्यांचा फोन नंबर होता. ब्रायन ह्यूज नावाच्या प्रवक्त्याने तो मजकूर वॉल्झ यांच्याकडे मेसेजने पाठवला. हा नंबर ह्यूजच्या नावाखाली जोडायचा का, असं आयफोनने आपणहून सुचवलं, आणि तो जोडला गेला. पुढे वॉल्झ ग्रुपमध्ये ह्यूजना घ्यायला गेले आणि गोल्डबर्ग आत आले. आपल्या फोनमध्ये ‘गॅसवाला नवीन’ किंवा ‘मीनामावशी जुना’ अशा नावांखाली कोणते नंबर बसलेत, हे एकदा पाहिलं की वॉल्झ यांच्यावर हसायचं धाडस होणार नाही. तरी फरक राहतोच. मावशीचा नंबर चुकला म्हणून कुठे बॉम्ब पडत नाहीत.

१ मेला वॉल्झ यांचं पद गेलं आणि त्याच दिवशी त्यांना संयुक्त राष्ट्रसंघातल्या राजदूतपदासाठी नामांकन मिळालं. मोठ्या माणसांच्या चुकीचा शेवट असा मऊ गादीवर होतो, याचं आणखी एक उदाहरण गोव्याशी नातं सांगणारं आहे. ब्रिटनच्या तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन या माहेरच्या फर्नांडिस. वडील केनियातून ब्रिटनला गेलेले, मुळचे गोव्याचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी स्थलांतर धोरणाविषयीचा एक सरकारी मसुदा स्वतःच्या खासगी मेलवरून पक्षातले खासदार जॉन हेज यांना पाठवला. त्याची प्रत हेज यांच्या पत्नीलाही जायची होती, ती दुसऱ्याच खासदाराच्या सहायकाकडे गेली. बोभाटा झाला आणि १९ ऑक्टोबरला ब्रेव्हरमन यांना राजीनामा द्यावा लागला. सहा दिवसांनी ऋषी सुनक पंतप्रधान झाले आणि त्यांनी बाईंना त्याच खुर्चीत पुन्हा बसवलं.

ब्रिटनमधलीच दुसरी गोष्ट इतकी हलकी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्याशी संबंधित एका सैनिकाने काही अफगाण अर्जदारांची खातरजमा करण्यासाठी एक एक्सेल फाइल बाहेर पाठवली. त्याला वाटत होतं, तिच्यात दीडशेएक नावं आहेत. प्रत्यक्षात दडलेल्या ओळींसकट १८ हजार ७१४ अर्जदारांची माहिती तिच्यात होती. तालिबानपासून जीव वाचवायला ब्रिटनचा आसरा मागणारी ही माणसं. दीड वर्ष कुणाला पत्ता लागला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातला काही भाग फेसबुकवर झळकला, तेव्हा खातं हादरलं.

बातमीदारांना कुणकूण लागली होती. सरकारने न्यायालयात धाव घेतली आणि १ सप्टेंबर २०२३ ला असा मनाई हुकूम निघाला की माहिती छापायची नाहीच, पण असा हुकूम आहे हेसुद्धा सांगायचं नाही. ब्रिटनच्या सरकारच्या मागणीवरून असा हुकूम निघाल्याचं हे पहिलंच ज्ञात उदाहरण. मध्ये सरकार बदललं, संसदेची निवडणूक झाली, मतदारांनी मतं दिली. दरम्यान हजारो अफगाणांना गुपचूप देशात आणण्याची योजना चालू होती. तिच्यावर तोवर ४० कोटी पौंडांच्या आसपास खर्च झाल्याचं आणि एकूण आकडा ८५ कोटींपर्यंत जाण्याचा अंदाज असल्याचं पुढे सरकारनेच सांगितलं. हुकूम उठला १५ जुलै २०२५ ला, जवळपास दोन वर्षांनी.

सुरुवातीचं मौन समजण्यासारखं आहे. यादी तालिबानच्या हाती पडली तर माणसं मरतील, ही भीती खोटी नव्हती, आणि पत्रकारांनी तोंड बंद ठेवलं हे त्यांच्या पदरी पुण्यच पडलं. त्यानंतरच्या मौनाचं समर्थन मात्र कठीण आहे. यादीतल्या बहुतेकांना त्यांचं नाव फुटल्याचं सांगितलंच गेलं नाही. लपायचं की पळायचं हे ठरवायची संधीही त्यांना मिळाली नाही. जो हुकूम आधी या माणसांच्या जीवासाठी होता, तो पुढे सरकारची अब्रू झाकायच्या कामी आला. तेच संरक्षण खातं त्याआधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, अफगाण मदतनिसांना मेल पाठवताना ‘बीसीसी’ऐवजी सगळ्यांचे पत्ते उघड्यावर टाकून बसलं होतं. एकूण २६५ पत्ते, काहींचे फोटोसुद्धा. त्याबद्दल साडेतीन लाख पौंडांचा दंडही झाला. धडा घ्यायला संधी होती, घेतला गेला नाही.

चुकून हाती आलेल्या मेसेजचं काय करायचं, या प्रश्नाला वकिलांच्या जगात एक स्वच्छ उत्तर आहे. अमेरिकेच्या वकील संघटनेचा आदर्श नियम असं सांगतो की समोरच्या पक्षाचा कागद चुकून तुमच्याकडे आला, तर त्याला ताबडतोब कळवा. ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या न्यायालयात याचा प्रयोगच झाला. सँडी हुक शाळेतल्या २०१२ च्या गोळीबारात वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. अ‍ॅलेक्स जोन्स हा प्रसारक वर्षानुवर्षं तो गोळीबार बनाव असल्याचं सांगत राहिला. मुलांच्या आईबापांनी त्याच्यावर दावा लावला. जोन्स शपथेवर म्हणाला होता की मी फोन तपासला, सँडी हुकबद्दलचे मेसेज सापडले नाहीत. मग आईबापांच्या वकिलाने भर उलटतपासणीत सांगितलं: तुमच्या वकिलांनी बारा दिवसांपूर्वी तुमच्या फोनची अख्खी प्रत चुकून मला पाठवली. मी त्यांना कळवलं. ती गोपनीय असल्याचा दावा करायला कायद्याने मुदत होती, ती त्यांनी घालवली. आणि हे पाहा तुमचे मेसेज. ज्यूरीने जोन्सला दोन टप्प्यांत मिळून चार कोटी ९३ लाख डॉलर द्यायला सांगितलं. वकिलाने चूक लपवून वार केला असता, तर वार कदाचित फुकट गेला असता. आधी दार वाजवलं, म्हणूनच त्याला आत जाता आलं.

आता आपल्याकडे या. २०२० च्या उन्हाळ्यानंतर मुंबईत जे घडलं, ते चुकून गेलेल्या मेसेजचं प्रकरण नव्हतं. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूच्या तपासात ताब्यात घेतलेल्या फोनमधले मेसेज वाहिन्यांच्या पडद्यांवर पोहोचले होते. पण परक्याचा खासगी मेसेज हाती लागला की आपल्याकडे काय होतं, याचा तो मोठा प्रयोग होता. रिया चक्रवर्तीचे, मग दीपिका पदुकोणचे २०१७ मधले मेसेज रात्रंदिवस मोठ्या अक्षरांत झळकले. ‘माल’ या शब्दाचा अर्थ काय, यावर तासन्‌तास परिसंवाद झाले. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे वाहिन्यांनी धंद्याचं सूत्र केलं. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला या ‘माध्यमी खटल्यां’वर ताशेरे ओढले आणि तपास चालू असताना काय दाखवू नये, याच्या मर्यादा घालून दिल्या. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर केला. त्या मेसेजच्या मोठ्या अक्षरांएवढी जागा या अहवालाला मिळाली नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यातून २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम. चुकून झालेलं प्रकटीकरण हेही या कायद्यात डेटाभंगच आहे आणि माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाचायला छान आहे. पण याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं एक कलम आवळलं. वैयक्तिक माहिती जनहितासाठी द्यायची वाट त्या कलमात होती, ती पुसली गेली. दुसऱ्या कलमातली वाट शिल्लक आहे, पण अधिकाऱ्याला नकार देणं आता सोपं झालं. आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला दिलेली सूटही अंतिम कायद्यात नाही. ब्रिस्बेनच्या चुकीची कागदपत्रं ‘गार्डियन’ने कोणत्या वाटेने मिळवली होती, ते आठवावं. उद्या आपल्या एखाद्या खात्याने हजारो अर्जदारांची यादी भलत्याला पाठवली, तर त्यावर पांघरूण घालायला ‘वैयक्तिक माहिती आहे’ एवढं म्हणणं पुरू नये.

आणि घरगुती वापर तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. म्हणजे सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या पालकांचा ग्रुप, चुलत-मावस भावंडांचा ग्रुप हे सगळं आपल्या आपल्या सभ्यतेवर चालायचं. यातलं दृश्य वाचकाला पाठ असेल. रात्री साडेनऊ. सेक्रेटरींनी लिफ्टच्या वाढीव वर्गणीचा मेसेज टाकलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना बायकोला लिहायचं असतं, ‘या माणसाला लिफ्ट कमी आणि कमिशन जास्त दिसतंय.’ ते पडतं ग्रुपवर. घाम फुटतो, अंगठा घाईत चालतो आणि ‘सर्वांसाठी’ऐवजी ‘माझ्यासाठी’वर टेकतो. आता मेसेज त्यांच्या फोनवरून गेलेला असतो आणि उरलेल्या ६४ घरांत तसाच असतो. (व्हॉट्सॲपने २०२२ च्या शेवटी या चुकीसाठी पाच सेकंदांची सवलत दिली. पाच सेकंदांत माणसाला घामच फुटतो.) ‘अहो, चुकून पडला, भलत्याच ग्रुपचा होता,’ असा खुलासा येतो. तोवर स्क्रीनशॉट दुसऱ्या विंगेत पोहोचलेला असतो. तिथून ‘तुम्हाला म्हणून पाठवतोय, पुढे करू नका’ असं लिहून पुढे जातो.

या ग्रुपमध्ये कसोटी अशी लावता येते. सेक्रेटरींनीच कंत्राटदाराला लिहिलेला ‘माझे दोन टक्के विसरू नका’ असा मेसेज चुकून ग्रुपवर पडला असता, तर तो जपून ठेवून सर्वसाधारण सभेत वाचून दाखवणं हे प्रत्येक सभासदाचं कामच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांची चिडचिड मात्र नवराबायकोच्या बोलण्यातली होती. ती विंगेविंगेत फिरवण्यात कुणाचं हित नव्हतं, मजा होती. कायद्याचा धाक इथे कामाला येत नाही. गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ते योग्यच झालं. मग स्क्रीनशॉट थांबवायचा की पुढे ढकलायचा, हे ठरवणारा शेवटचा माणूस म्हणजे तो हातात आलेला कुणीही.

पत्रकारांनाही हाच प्रश्न रोज पडतो. एखाद्या नटीची, शिक्षिकेची किंवा कॉलेजातल्या पोरीची खासगी चॅट हाती लागली, तर ती ‘व्हायरल’ झाली म्हणून ती बातमी, असं संपादक सांगतात. व्हायरल व्हायला हातभार कुणाचा लागला, हे विचारलं की उत्तर मिळत नाही. उलट सरकारी खात्याची चुकीची मेल हाती लागली, की ती छापायला कायदा, जाहिराती, वरचे फोन असे सगळे अडसर एकदम आठवतात. वर लिहिलेलं कसोटी उलटी लागणं म्हणजे हेच. गोल्डबर्ग यांच्या कामातून घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: खरं आहे का तपासा, ज्याचा मेसेज आहे त्याला विचारा, ज्याने तिसऱ्याला इजा होईल ते झाका, आणि सत्तेतला माणूस नाकारू लागला तर पुरावा काढा. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या चढल्याशिवाय आपल्याकडे रोज किती चॅट पडद्यावर जातात, ते प्रेक्षकांनीच पाहावं.

चुकलेल्या मेसेजच्या बातम्यांमध्ये एक गोड बातमी दरवर्षी परत येते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात एका आजीने नातवाला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं आवतण पाठवलं. नंबर नातवाने बदलला होता. आवतण सतरा वर्षांच्या एका अनोळखी मुलाला गेलं. तुम्ही माझी आजी नाही, पण ताट मिळेल का, असं त्याने विचारलं. मिळेल, आजीचं कामच ते, असं तिने कळवलं. तो गेला, आणि पुढे दरवर्षी जात राहिला. माध्यमांनी त्या दोघांना डोक्यावर घेतलं. मुंबईकरांना यात ‘द लंचबॉक्स’ आठवेल. २०१३ च्या त्या चित्रपटात भलत्याच टेबलावर पोहोचलेल्या डब्यातून चिठ्ठ्यांची देवाणघेवाण सुरू होते.

ब्रिस्बेनच्या गोष्टीतला एक माणूस मात्र कोणत्याही बातमीत नावाने आला नाही. फुटबॉल समितीतल्या त्या कर्मचाऱ्याने मेल उघडली, जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसांचे पासपोर्ट क्रमांक पाहिले, आणि ही मेल चुकीच्या माणसाला आली आहे, असं उलट टपाली कळवलं. खात्याला स्वतःची चूक समजली ती त्याच्याकडून. मग त्याने ती मेल डिलीट केली आणि डिलीट केलेल्या मेलचा फोल्डरही रिकामा केला.